घोळीच्या डोक्यातले खडे

माझी आय परक्या माणसाने आणलेला खाऊ आधी कोंबडीला घालायची. हे सांगितलं की माझ्या नातीला खरं वाटत नाही, पण मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. लेले मॅडमनी पहिल्यांदा आमच्या घरी चिवडा आणला तेव्हा आयने हसून पुडा घेतला, चहा केला, चार गोष्टी केल्या, आणि मॅडम गेल्यावर मूठभर चिवडा मागच्या दारी टाकून कोंबडीकडे बघत उभी राहिली. संध्याकाळी देवळाची घंटा झाली. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. गुडघ्यांवर बसून आमची रोजची तेर्साची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना झाली, कोंबडी आपल्या पायांनी खुराड्यात शिरली, तेव्हा कुठे आय म्हणाली, "खावा आता." तोवर चिवडा पार सादळला होता. मी तो तसाच खाल्ला, आणि अजून सांगतो, इतका चांगला चिवडा मी पुन्हा खाल्ला नाही.

संशय हा आमच्या घरचा स्वभावच होता. त्याला कारणंही होती, उगाच नाही. उत्तनच्या पुढे चौक हे आमचं गाव, समुद्राला अगदी चिकटलेलं. तिथे बाहेरून जो येई तो काहीतरी घेऊन जाई. व्यापारी काट्यावर बोट ठेवून मासळी घेई. हातात फीत घेऊन कुणी मोजणीला आला, की दोन वर्षांनी ती जागा भलत्याच्याच नावावर झालेली असे. माझा बाप इनास दिवसाला दहा वाक्यं बोलत असेल, आणि त्यातली चार "तो कशाला आलता?" अशी असत. आय मात्र भरपूर बोले. तिचं नाव रजीना. होडी बापाची, पण किनाऱ्याला लागल्यानंतरचा सगळा मासा आयचा. कुठला आपल्या टोपलीत जाईल, कुठला व्यापाऱ्याला, कुठला घरात शिजेल, हे तीच ठरवी. तिला वाचता येत नव्हतं. पण मासळीबाजारात तिच्याशी हुज्जत घालून जिंकलेला माणूस मी पाहिला नाही.

घर लहान, पण अंगण मोठं, आणि अंगणात दोरीवर बोंबील. वाऱ्याची दिशा बदलली की आमच्या उशांनाही बोंबलाचा वास. सकाळी तांदळाची भाकरी आणि बोंबलाची चटणी खाऊन मी भाईंदरच्या कॉलेजात जायचो. अकरावीला सायन्स घेतलेला आमच्या आळीतला मी पहिलाच. बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही, मला वाटायचं माझ्या अंगाला वास येतोय म्हणून. येतही असेल. ज्या दिवशी घोळ मिळे त्या दिवशी मात्र घर बदलून जाई. घोळ म्हणजे मोठा, सोनेरी झाक असलेला मासा. तिच्या पोटातली हवेची पिशवी, जिला आम्ही भोत म्हणतो, ती मिळवायला व्यापारी धावत येत. आय घोळ चिरून भोत काढी, मुंडी फोडून तिचे वाटे विकायला ठेवी, आणि कधीतरी एक वाटा घरी येई. त्या कालवणाच्या रश्शाला जी चव असायची ती आता कुणाच्या हाताला जमत नाही, माझ्या बायकोच्याही नाही, आणि हे मी तिच्यासमोर बोलत नाही.

एका शनिवारी होड्या लागल्या तेव्हा एक बाई साडीचा काठ वर खोचून चिखलात उभी होती. खांद्याला कापडी पिशवी, हातात चिमटा. मोठ्याने विचारत होती, "इथे सायन्सला जाणारा कुणी मुलगा आहे का?" दहा बोटं माझ्याकडे वळली. या डॉ. सुमती लेले. मासळीचा अभ्यास करणाऱ्या एका सरकारी संस्थेत शास्त्रज्ञ होत्या आणि मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये एकट्या राहत. वय पंचेचाळीसच्या आसपास, चष्मा जाड, चालणं भराभर. त्यांनी आयला सांगितलं, "ताई, मला घोळीच्या मुंडीतले दोन खडे हवेत. मुंडी तुमची तुम्हाला परत." घोळीच्या डोक्यात, कानाच्या आत, दोन पांढरे खडे असतात, मोठ्या घोळीत भिजवलेल्या वालाएवढे. आम्ही ते फेकून द्यायचो. मॅडमनी ते चिमट्याने काढले, पुसले, चिठ्ठीत बांधले आणि मुंडी खरंच परत केली.

त्या रात्री जेवताना आय म्हणाली, "मासा खात न्हाय, इकत न्हाय, मुंडी सोडून दगड नेते. कायतरी हाय."

बाप म्हणाला, "सरकारची हाय."

"मग तर हायच."

मॅडम शाकाहारी होत्या, हे आयच्या संशयाचं मूळ. खाणाऱ्याने मासा मागितला तर त्यात तिला काही वाटलं नसतं. मॅडमनी मला खरं कारण सांगितलं होतं. त्या खड्याची पातळ चकती कापली की आत वळी दिसतात, वर्षाला एक, झाडाच्या खोडात असतात तशी. वळी मोजली की मासा किती वर्षांचा ते कळतं. आपल्या समुद्रात म्हातारे मासे किती उरलेत आणि कोवळे किती मारले जातायत, हे त्यांना शोधायचं होतं. मी घरी येऊन हे सगळं हातवारे करून समजावलं. आयने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आन हे तुला तिनेच सांगितलं नं?"

आता भोताची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आयच्या बापाच्या काळात भोतही फेकून देत. मग कुणी व्यापारी आला, गंमत म्हणून मागू लागला, पोरांना गोळ्या देऊन गोळा करू लागला. कितीतरी वर्षांनी गावाला कळलं की ते परदेशात सोन्यासारखं जातं. त्याचं तिथे काय करतात, ते आजही कुणी धड सांगत नाही. आय हे विसरली नव्हती. तिने सरळ हिशेब मांडला. आज दगड फुकट नेतायत, म्हणजे उद्या दगडाला भाव येणार. बाई शिकलेली आहे, तिला आधी कळलंय, एवढंच.

म्हणून आयने मोठ्या घोळींचे खडे बाजूला काढायला सुरुवात केली. मॅडम किनाऱ्यावर पोचेपर्यंत मोठ्या मुंड्या फुटलेल्या असत आणि त्यातले खडे आयच्या कमरेला. मॅडमला मिळत ते लहान घोळींचे. घरी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात आय ते साठवी. भाव फुटला तर कुठला खडा कधीचा, केवढ्या माशाचा, हे सांगता आलं पाहिजे, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरचं त्या दिवसाचं पान फाडून त्यात ती जोडी बांधायची, आणि मासा जितक्या विती तितक्या रेघा पानावर पेन्सिलीने ओढायची. अशी तीन वर्षं. आमच्या घरात तारीख कधी कळायचीच नाही, ज्या दिवशी घोळ आली त्या दिवशी भिंतीवर उद्याचं पान.

आणि मी? मॅडमनी मोजायला गावातली आमचीच होडी धरली होती, आणि माझ्याकडे कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या होत्या. तारीख, आज होडीला घोळी किती आल्या, त्यांची लांबी, खडे किती दिले, आणि खाली माझी सही. शनिवारी त्या यायच्या, इतर दिवशी माझ्यावर सोपवलेलं. पहिल्या आठवड्यात पाच घोळी आल्या होत्या. आय माझ्या मागे उभी राहून म्हणाली, "दोन लिव." मी दोन लिहिले. त्याआधी लिहिलेला पाच खोडावा लागला होता, ते मला आठवतं. पुढे खोडायची वेळ आली नाही.

इतकं करून मी शनिवारची वाट बघायचो, हे मला स्वतःलाच आज नीट समजत नाही. मॅडमसारखं माझ्याशी कुणी बोललंच नव्हतं. सिल्व्हर पार्कमधल्या त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक होता आणि ताटं मांडीवर घ्यायची. त्या साबुदाण्याची खिचडी करायच्या, वरून लिंबू पिळायच्या, आणि खिचडी गार होईपर्यंत मला वळी मोजायला लावायच्या. मी सात म्हटलं की त्या म्हणत, "पुन्हा मोज. स्वतःवर पण विश्वास ठेवायचा नसतो." त्यांनी मला बारावीचं गणित शिकवलं, कॉलेजची फी कुठे माफ होते ते सांगितलं, फॉर्मवर काय लिहायचं ते सांगितलं. नाताळला आमच्याकडे आल्या तर करंज्या खात आणि बापाशेजारी जाळ्याची गाठ शिकायला बसत. बाप त्यांना गाठ शिकवायचा आणि त्या गेल्या की म्हणायचा, "आता गाठबी नेली." एकदा आयला ताप आला तेव्हा मॅडम गोळ्या घेऊन आल्या. आयने गोळ्या उशीखाली ठेवल्या आणि नंतर मला त्या आमच्या नेहमीच्या दुकानदाराला दाखवून आणायला पाठवलं.

तिसऱ्या वर्षी मॅडमनी सांगितलं, की अहवाल छापला जाणार आहे, आणि त्यात नोंदी ठेवणाऱ्याचं नाव असतं, तिथे तुझं येईल. छापील नाव. माझं. आमच्या घरात छापील नाव फक्त रेशन कार्डावर होतं, आणि तेही चुकलेलं. मला पुढे त्यांच्याच संस्थेत जायचं होतं, पांढरा कोट घालून. मी रात्री पडल्या पडल्या ते पान डोळ्यांसमोर आणायचो. मी बसमधल्या त्या शेजारी न बसणाऱ्या पोरांना ते कसं दाखवीन, इथपर्यंत माझं ठरलेलं होतं.

मग एका रविवारी, देवळातली मिस्सा झाल्यावर, मी सिल्व्हर पार्कला गेलो. मॅडमनी टेबलावर आलेखाचा कागद पसरला होता. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "बघ रे पास्कू. तीन वर्षांत एकही म्हातारी घोळ नाही. सगळी दोन-तीन वर्षांची पोरं. चौकची मोठी घोळ संपली." मग सांगू लागल्या, की सोमवारी अहवाल जाणार, त्यात त्यांना लिहावं लागणार की या किनाऱ्यावर घोळीच्या हंगामात होड्या बांधून ठेवा, निदान काही वर्षं. "तुझ्या बाबांना राग येईल. पण जे आहे ते आहे."

घरी आयच्या डब्यात पाच-पाच रेघांची पानं होती.

मॅडमनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. "एकदाच विचारते. तुझ्या चिठ्ठ्या बरोबर आहेत ना?"

"हो, मॅडम."

हे मी का म्हणालो? आईला चोर ठरवायचं नव्हतं, हे उत्तर मी बरीच वर्षं स्वतःला दिलं. ते खोटं आहे. मला त्या पानावर माझं नाव हवं होतं. चिठ्ठ्या खोट्या म्हटल्या की नाव गेलं. एवढं साधं होतं ते.

घरी येऊन मी आयला एवढंच सांगितलं, की मोठी घोळ संपली म्हणून मॅडम होड्या बांधायला लिहिणार आहेत. बाप जाळं दुरुस्त करत होता, त्याचे हात थांबले. आय म्हणाली, "डबा काढून घ्यायची युक्ती आसंल." मग भांडी घासू लागली. घासता घासता थांबली, पुन्हा घासू लागली. थोड्या वेळाने बाहेर आली आणि मला विचारलं, "तिला डबा म्हाईत हाय?" मी म्हटलं, न्हाय. "मग युक्ती कशी आसंल?" असं म्हणून तिने डबा काढला आणि तो मांडीवर घेऊन ओसरीवर बसली. त्या दिवशी तेर्साची प्रार्थना बापाने सांगितली, आय नुसती ओठ हलवत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे, मॅडम कामावर निघायच्या आत, आम्ही दोघं सिल्व्हर पार्कला पोचलो. आयने नवं लुगडं नेसलं होतं आणि डबा ओटीत घेतला होता, बसमध्येही माझ्याकडे दिला नाही. मॅडमनी दार उघडलं. आयने चप्पल काढली, आत गेली आणि डबा टेबलावर ठेवला. "मोट्या घोळींचे हायत. मी लपवलेले. माझ्यासमोर मोजा."

मॅडमनी एक पुडी उघडली, तारीख वाचली, रेघा बघितल्या. दुसरी उघडली. मग हलकेच खाली बसल्या. "ताई, या रेघा कसल्या?"

"इती. माझ्या हाताच्या."

मॅडमनी आयचा हात धरून टेबलावर पसरला आणि तिच्या वितीवर फीत लावली. तीनदा मोजली. मग एका खड्याची चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, पानावरच्या रेघा बघितल्या, दुसरी कापली. आयच्या लक्षात आलं. "माझ्यावर इश्वास न्हाय तुमचा."

"नाही," मॅडम म्हणाल्या.

आय पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून मनापासून हसली. "बरं हाय. बघा मग."

तपासून झाल्यावर दोघींनी मिळून पुड्या टेबलावर लावल्या, वर्षाची एक ओळ. मी भिंतीशी उभा होतो, मला कुणी हात लावायला सांगितलं नाही. पहिल्या वर्षाची ओळ टेबलाच्या कडेपर्यंत गेली आणि वळून परत आली. दुसऱ्या वर्षाची कडेपर्यंतही पोचली नाही. तिसऱ्या वर्षाच्या पुड्या आयने लावल्या आणि पुढची घ्यायला डब्यात हात घातला. डबा रिकामा होता. तिने तो उलटा करून पाहिला. नंतर ती त्या तीन ओळींकडे बघत राहिली. मासा एकेक करून हातात येतो, कधी येतो, कधी येत नाही. त्यात कमी झालं हे हाताला कळत नाही. तिलाही तीन वर्षांत कळलं नव्हतं, आणि तिच्याइतकं त्या किनाऱ्यावर कुणालाच मासळीतलं कळत नव्हतं.

"बाई, हे काय लिवणार तुमी?"

"आज मोठी घोळ आहे, पण दरवर्षी कमी होतेय. होड्या बांधायची गरज नाही. पण जाळ्याची भोकं मोठी करा आणि अंड्यांवरची घोळ सोडा." मॅडमनी पेन हातात घेतलं. "लिहू का?"

मला वाटलं आय सगळं गोळा करून पुन्हा डब्यात भरेल. ती म्हणाली, "माझं नाव घालून लिवा. न्हायतर आमची माणसं म्हनतील, बाईने घरी बसून खोटं लिवलं."

अहवाल सोमवारी गेला नाही. दीड महिन्याने गेला. त्या सोमवारनंतरच्या शनिवारी मॅडम किनाऱ्यावर आल्या, नेहमीसारखी साडी खोचून चिखलात उभ्या राहिल्या, आणि आय टोपली घेऊन पुढे गेल्यावर मला बाजूला घेतलं. आवाज अजिबात चढलेला नव्हता. म्हणाल्या, "तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या मी काढून टाकल्यात. तुझं नाव देता येणार नाही."

मी म्हटलं, "मॅडम, आयने पण लपवलं होतं."

"तुझ्या आईने मला कधी काही लिहून दिलं नव्हतं. तू दिलंस. आणि मी विचारल्यावर पुन्हा खोटं सांगितलंस."

त्यानंतरही त्या माझ्याशी तशाच बोलत. गणित शिकवलं, परीक्षेआधी पेन दिलं, माझ्या लग्नात आल्या. पण कोऱ्या चिठ्ठ्या त्यांनी पुन्हा माझ्या हातात दिल्या नाहीत. आय शनिवारी पुड्या द्यायची, त्या आयच्या समोर उघडून तपासायच्या, आय त्यांच्या समोर फीत तपासायची, आणि दोघी त्यातच खूष असत. मी त्या संस्थेत गेलो नाही. बँकेत लागलो, दुसऱ्याच्या सह्या जुळवून बघायचं काम तीस वर्षं केलं, आणि त्यात माझ्या हातून फारशी चूक झाली नाही.

जाळ्याची भोकं आमच्या गावात काही जणांनी मोठी केली, बऱ्याच जणांनी केली नाहीत. आता कुणाला मोठी घोळ मिळाली तर पोरं मोबाइलवर फोटो काढतात आणि ते गावभर फिरतात.

अहवाल छापून आला तेव्हा मॅडमनी एक प्रत आयला आणून दिली. आयने ती साडीच्या घडीत ठेवली होती आणि घरी कुणी आलं की काढायची. ज्या पानावर नाव आहे ते पान तिला खुणेने माहीत झालं होतं, बोट बरोबर तिथे ठेवायची. पहिल्यांदा तिने मला समोर बसवून बोट ठेवून विचारलं, "हे माझं. तुझं कुठं हाय रं?"

मी म्हटलं, "तुझ्या खालीच."

आयने छपाईवरून बोट खाली नेलं, दुसऱ्याच कुणाच्या नावावर ठेवलं, आणि हसली. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या माझ्या आयने ते लगेच खरं मानलं, आणि मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला ते नाव माझं म्हणून दाखवलं.